आधी मैदान, मग भिंती

सुरगाणा तालुक्यात माणसांना एकत्र यायला आजवर छपराची गरज पडलेली नाही. चैत्र-वैशाखात बोहाडा होतो तो गावाच्या मधल्या मोकळ्या जागेत. सांबळ-पिपाणीच्या ठेक्यावर देवांची आणि दैत्यांची सोंगे रात्रभर नाचतात, बघणारे कडेने जमिनीवर बसतात. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचे व्रत घेतलेल्या माऊल्या पावरीच्या सुरावर गावोगाव फिरतात, अंगणाअंगणात नाचतात आणि शेवटी डोंगर गाठतात. खो-खो, कबड्डीचे मैदान शाळेसमोर आखले जाते, नाहीतर भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात. लग्नाचा मांडव दारातच पडतो.

अशा ठिकाणी खेळ, कला आणि गावकी या तिन्हींसाठी एक सामायिक केंद्र उभारायचे म्हटले, तर जमण्याची इतकी जुनी सवय असलेल्या गावाला नेमके काय कमी पडते हे आधी पाहावे लागते. ती यादी फार लांब नाही. जून ते सप्टेंबर पाऊस उघडीप देत नाही, त्या दिवसांत कोरडी, ऐसपैस जागा नसते. अंधार पडल्यावर सरावाला उजेड नसतो. मुलींना कपडे बदलायला आडोसा नसतो, मैदानाजवळ स्वच्छतागृह नसते. वयात आलेल्या मुलींचा खेळ सुटतो त्यामागे हे एक मोठे कारण असते. बोहाड्याची सोंगे, वाद्ये, खेळाचे साहित्य ठेवायला कोरडी खोली लागते. दहावी-बारावीच्या मुलांना, भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना रात्री बसून वाचायला जागा हवी असते. या सगळ्या यादीत मोठे सभागृह कुठेच येत नाही. म्हणून मला वाटते, सुरगाण्यासारख्या भागात केंद्राचे नियोजन नेहमीच्या उलट्या क्रमाने व्हायला हवे. आधी वापराचा करार, मग जमीन आणि मैदान, आणि सगळ्यांत शेवटी भिंती; त्याही लागतील तेवढ्याच.

नेहमीचा क्रम काय असतो ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यात दिसते. आमदार निधी, खासदार निधी किंवा एखादी वस्ती सुधार योजना मंजूर होते, तिच्यातून समाजमंदिर बांधले जाते, उद्घाटनाची पाटी लागते आणि काही वर्षांत दाराला कुलूप दिसू लागते. यात गावाची उदासीनता फार नसते. बांधकामाचा पैसा एकदाच आणि एकाच ठिकाणाहून येतो. वीजबिल, झाडलोट, फुटलेली कौले, तुंबलेला संडास यांचा पैसा दरमहा लागतो आणि तो कोणाच्याच खात्यात धरलेला नसतो. खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांत काम मंजूर करण्यापूर्वी देखभालीची हमी वापरणाऱ्या संस्थेकडून घ्यावी, असे स्पष्ट म्हटलेले आहे. ही हमी कागदावर एका ओळीत दिली जाते. तिच्या मागे वर्षभराचा हिशेब आणि जबाबदारी घेणारी माणसे उभी केली, तर कुलूप लागायची वेळ येणार नाही. भागीदारी या शब्दाचा अर्थ मी तरी इतकाच घेतो.

सुरगाण्याचा भूगोल इथे महत्त्वाचा ठरतो. नाशिक जिल्ह्याच्या वायव्येला, गुजरातच्या डांग आणि वलसाड जिल्ह्यांना लागून असलेला हा तालुका १९४८ पर्यंत छोटे संस्थान होता. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती आणि दहातले नऊहून अधिक लोक कोकणा, वारली, महादेव कोळी अशा अनुसूचित जमातींचे होते. सुरगाणा गावात आता नगरपंचायत आहे. बाकी उंबरठाण, बाऱ्हे, पळसन, बोरगाव, मनखेड अशी गावे आणि त्यांच्याभोवती डोंगरउतारांवर विखुरलेले पाडे. २०२२ च्या डिसेंबरात सीमेवरच्या काही गावांनी सोयी मिळत नसतील तर आम्हाला गुजरातला जोडा, अशी मागणी केली होती. रस्ता, पाणी, दवाखाना, शाळा हे त्यांचे प्रश्न होते. त्या रांगेत मैदान आणि समाजकेंद्र कशाला, असे कोणी विचारेल. पण याच केंद्राच्या पडवीत लसीकरण होऊ शकते, बचत गटाची बैठक बसू शकते, दाखल्यांचे शिबिर भरू शकते, पुरात घर गेलेले कुटुंब चार रात्री राहू शकते. इतर सोयींना टेकायला जागा मिळते, हाही या केंद्राचा उपयोग आहे.

तालुक्याच्या ठिकाणी एकच मोठे केंद्र बांधावे, हा सोपा विचार इथे चालत नाही. तालुका क्रीडा संकुलासाठीची खर्चाची मर्यादा राज्य सरकारने २०२२ मध्ये १ कोटीवरून ५ कोटी केली, हे चांगलेच झाले. तालुक्याच्या स्पर्धा, मोठी शिबिरे तिथे होतील. पण गुजरातच्या हद्दीला लागलेल्या पाड्यावरची मुलगी शाळा सुटल्यावर तिथे सरावाला जाऊन दिवेलागणीला घरी परतू शकत नाही. रोजच्या वापराचे केंद्र तिच्या पायी अंतरावर हवे. प्रत्येक पाड्यावर ते होणार नाही, हेही खरे. मग मधला टप्पा शोधावा लागतो, आणि तो लोकांनी आधीच शोधून ठेवला आहे: आठवडे बाजाराची गावे. भोवतालच्या दहा-पंधरा पाड्यांची पायवाट तिथे येऊन मिळते. बाजाराच्या दिवशी सगळ्यांची गाठ पडते, निरोप पोचतात. केंद्राची जागा ठरवताना नकाशावर मध्यबिंदू काढत बसण्यापेक्षा बाजारकरी कुठल्या वाटेने येतात ते पाहिले, तर उत्तर लवकर मिळेल.

आता जमीन. इथे एक कायदा आहे जो अशा भागात फार उपयोगी पडतो आणि तरी त्याची चर्चा कमी होते. २००६ चा वनहक्क कायदा म्हटला की आपल्याला कसत असलेल्या जमिनीचे दावे आठवतात. त्याच कायद्याच्या कलम ३ च्या पोटकलम २ मध्ये तेरा सार्वजनिक सोयींची यादी आहे, ज्यांच्यासाठी वनजमीन वळती करता येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज आणि दूरसंचार वाहिन्या, तलाव, पिण्याचे पाणी, पाणी साठवण, छोटे कालवे, अपारंपरिक ऊर्जा, कौशल्य प्रशिक्षण केंद्र, रस्ते आणि तेरावी सोय समाजकेंद्र. अटी तीन. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवीच. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याची लांबलचक वाट यासाठी चालावी लागत नाही. ग्रामसभेच्या ठरावासह प्रस्ताव वनक्षेत्रपालाकडे जातो, जागेची पाहणी होते आणि मंजुरी उपवनसंरक्षकाच्या पातळीवर मिळू शकते. जिथे सपाट म्हणता येईल असा तुकडा एकतर कोणाच्या तरी भाताच्या खाचरात आहे नाहीतर वनखात्याच्या हद्दीत, तिथे हे पोटकलम नियोजनाचा पायाच आहे.

त्यातल्या दोन बारकाव्यांकडे लक्ष द्यायला हवे. कायदा सरकारी व्यवस्थापनातल्या सोयींबद्दल बोलतो. म्हणजे एखाद्या मंडळाने किंवा ट्रस्टने स्वतःच्या नावावर केंद्र बांधायचे ठरवले तर ही वाट बंद. मालकी आणि अंतिम जबाबदारी ग्रामपंचायतीची किंवा शासकीय विभागाची राहील, आणि रोजचे चालवणे करार करून स्थानिक समितीकडे येईल. दुसरे असे, की यादीत समाजकेंद्र आहे, क्रीडांगण नाही. त्यामुळे ग्रामसभेच्या ठरावात केंद्राच्या आवारात काय काय असेल हे सविस्तर लिहावे, नकाशा जोडावा. ‘समाजकेंद्रासाठी जमीन मिळावी’ एवढ्या एका ओळीचा ठराव पुढे अडकण्याची भीती असते.

एक हेक्टर म्हणजे शंभर मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद जागा. ती कागदावर मोठी वाटते, म्हणून मोजून पाहू. आठ पट्ट्यांची ४०० मीटरची धावपट्टी घ्यायची तर सुमारे १७६ बाय ९२ मीटर जागा लागते. म्हणजे दीड हेक्टरहून जास्त. ती बसत नाही, आणि तिचा हट्टही नको. २०० मीटरची मातीची धावपट्टी घेतली तर ५० मीटरच्या दोन सरळ बाजू आणि दोन्ही टोकांना १६ मीटर त्रिज्येच्या अर्धगोलांत ती बसते. तिच्या आत सुमारे ८२ बाय ३२ मीटरचा लांबट पट्टा उरतो. खो-खोचे मैदान २७ बाय १६ मीटरचे, भोवतालची मोकळी जागा धरून ३० बाय १९. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ बाय १०, महिलांचे १२ बाय ८. हे सगळे त्या पट्ट्यात शेजारी शेजारी मावते. व्हॉलीबॉलचे १८ बाय ९ चे मैदान धावपट्टीच्या बाहेर. एवढे करूनही हेक्टरातली निम्मी जागा इमारत, झाडे, पाण्याची टाकी आणि बोहाड्याच्या मोकळ्या पटांगणासाठी शिल्लक राहते. मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही.

खरी अडचण उताराची आहे. डोंगर कापून मैदान सपाट करायचे तर पहिल्याच पावसात भर घातलेली माती वाहून जाते, हे इथल्या शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. भाताच्या खाचरांना दगडी बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या माती धरून ठेवणारी माणसे इथे आहेत. एकच मोठा सपाट तुकडा काढण्यापेक्षा दोन-तीन पायऱ्यांत जमीन तोडली, वरच्या पायरीवर इमारत, मधल्यावर पटांगण, खालच्यावर मैदान ठेवले, तर माती कमी उचलावी लागते आणि पायऱ्यांच्या दगडी बांधांवर बसून खेळ बघता येतो. मैदानावर मुरमाचा थर, त्यावर चाळलेली माती, मधून कडेकडे किंचित उतार आणि वरच्या अंगाला पाणी अडवून बाजूला काढणारा चर. हे काम श्रमदानातून आणि रोजगार हमीच्या मजुरीतून करता येण्यासारखे आहे.

या मातीचे मोल खो-खोने दाखवून दिले आहे. तालुक्यातल्या अलंगुणचे नाव खो-खो खेळणाऱ्यांना राज्यभर ठाऊक आहे. तिथल्या आश्रमशाळेतून तयार झालेल्या मुली महाराष्ट्राच्या संघातून खेळल्या. जिल्ह्यातल्याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. हा खेळ आता मॅटवर खेळला जातो. मातीवर वाढलेल्या खेळाडूला मॅटवर पायाची पकड, वळण्याचा वेग, खांबावरची झेप सगळे नव्याने बसवावे लागते. म्हणून दर बाजारगावाच्या केंद्रात मातीचे मैदान आणि तालुक्याच्या संकुलात एक मॅट, अशी वाटणी करता येईल. निवडलेली मुले स्पर्धेआधी पंधरा दिवस मॅटवर सराव करतील. छोटी केंद्रे आणि मोठे संकुल एकमेकांना पूरक ठरतात ती अशी.

जागेइतकाच अवघड प्रश्न वेळेचा आहे, आणि नियोजनाच्या कागदात तो सहसा नसतो. सुरगाण्याचे वर्ष समान भागांत चालत नाही. जूनमध्ये पेरण्या, जुलै-ऑगस्टमध्ये भात-नागलीची आवणी. त्या दिवसांत कोणालाही दुसऱ्या कामाला वेळ नसतो. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत किंवा गुजरातेत कामाला उतरतात. होळीला माणसे परततात. इथला सर्वांत मोठा सण तोच. मग बोहाडे, लग्नसराई आणि शाळेची सुट्टी एकदमच येतात. म्हणजे जानेवारीत केंद्र ओस असेल आणि एप्रिल-मेमध्ये एकाच संध्याकाळी लग्नाचे वऱ्हाड, बोहाड्याची तालीम आणि मुलांचे उन्हाळी शिबिर असे तिघेही दारात उभे राहतील. भांडण लागायचे ते तिथे लागेल. भिंती बांधण्याआधी वापराचा करार व्हावा असे मी म्हणतो ते यासाठी.

लग्नातून केंद्राला उत्पन्न मिळते, म्हणून समितीचा कल लग्नाकडे झुकणार हे उघड आहे. त्यावर उपाय एकच दिसतो. रोज शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंतचा वेळ मुलांचा, तो कोणालाही भाड्याने द्यायचा नाही, हे करारात आधीच पक्के करायचे. लग्नासाठी पटांगण आणि पडवी, मैदान नाही. गावातल्या माणसाला एक दर, बाहेरच्याला दुसरा. बोहाड्याच्या रात्रींना भाडे नाही. स्थलांतराच्या महिन्यांत मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी आणि मुलांसाठी केंद्र संध्याकाळी उघडे राहायलाच हवे. आईबाप द्राक्षाच्या बागेत असताना आजीजवळ राहून शाळा करणाऱ्या मुलांना त्या वेळी त्याची सर्वांत जास्त गरज असते.

ग्रामसभा कधी घ्यायची, हेही याच पंचांगात पाहावे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे तिचे नेहमीचे दिवस. २६ जानेवारीला गावातली अनेक कर्ती माणसे बाहेर असतात. त्या दिवशी झालेला जमिनीचा ठराव कायद्याने चालेल, पण माणसे परत आल्यावर ‘आम्हाला कोणी विचारले’ हा प्रश्न येणारच. होळीच्या आठवड्यात विशेष ग्रामसभा बोलावली तर सगळे हजर असतात. तिच्या आधी महिलांची सभा घेणे कायद्यात आहे. ती खरोखर घेतली, तर संडास, पाणी, दिवा आणि वाटेवरचा अंधार हे विषय यादीत वर येतील. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा आणि स्वतःचा ग्रामसभा कोष मिळू शकतो. बाजारगावातल्या केंद्रात दहा-पंधरा पाड्यांचा वाटा असेल तर प्रत्येक पाड्याचा ठराव वेगळा घ्यावा आणि समितीत त्याचा एक माणूस व एक बाई असावी. वेळ जाईल, पण जाऊ द्यावा.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने हा वेळ दिला होता. तिथे बहुमताने ठरवत नाहीत. सगळ्यांना पटेपर्यंत बोलत राहतात, आणि बोलण्याआधी अभ्यास गटात विषय समजून घेतात. गावाने मोडकळलेले घोटुल, म्हणजे गोंड तरुणाईचे एकत्र जमण्याचे घर, जंगलातले लाकूड आणून पुन्हा उभारले. वनखात्याने ते बेकायदा ठरवून उतरवले. मग आसपासची गावे मेंढ्याच्या बाजूने उभी राहिली आणि घोटुल पुन्हा उभे झाले. याच गावाला २००९ मध्ये १८०० हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. जमण्याच्या एका घरासाठी एकवटलेली माणसे पुढे जंगलासाठीही एकत्र राहिली. सुरगाण्यालाही संघटनेची अशी सवय नवी नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात या तालुक्यातली माणसे मोठ्या संख्येने होती. शिस्तीने सुमारे १८० किलोमीटर चालणारी माणसे एका केंद्राचे वेळापत्रक पाळू शकत नाहीत, असे मी मानत नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामायिक साधनांच्या अभ्यासासाठी. कुरणे, कालवे, मासेमारीचे पाणी अशा जागा लोक स्वतः कशा टिकवतात हे त्यांनी देशोदेशी पाहिले. टिकलेल्या ठिकाणी काही गोष्टी सारख्या आढळल्या. वापरणारे कोण हे ठरलेले होते, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले होते, लक्ष ठेवणारा त्यांच्यातलाच होता आणि चुकणाऱ्याला दंड आधी किरकोळ, मग वाढत जाणारा होता. डेन्मार्कच्या खेड्यांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत शेतकऱ्यांनी वाटे काढून सभाघरे बांधली. व्याख्यान, नाच आणि कवायत एकाच छपराखाली होई, आणि प्रत्येकाचा त्यात थोडा पैसा असे. आपल्याकडे अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या आखाड्याचे पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. तिथेही माती आणि माणसे आधी होती, इमारती मागाहून आल्या.

सुरगाण्यातल्या केंद्राला इमारत लागेल ती कशी? मला वाटते, बंद खोल्या तीनच पुरतील: एक वाचायची, एक साहित्याची, एक मुलींची, तिला लागून स्वच्छतागृह आणि पाणी. उरलेली सगळी जागा चारी बाजूंनी उघडी, उंच जोत्याची, खांबांवर उभी असलेली रुंद पडवी असावी. पावसात कबड्डीचा सराव, बैठक, लसीकरण, पंगत सगळे तिथे होईल. तिच्या एका बाजूचा ओटा पटांगणाकडे तोंड करून ठेवला की तोच रंगमंच.

छपराबाबत मात्र इथे तडजोड करू नये. नुसता पत्रा टाकला तर मुसळधार पावसात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. आणि या भागातली एक कला अशी आहे की तिला शांतता लागते. काशाच्या थाळीवर मेण लावून त्यात एक बारीक काडी उभी करतात आणि ओल्या बोटांनी ती वरून खाली ओढत जातात. थाळीतून जो घुमणारा, सतत वाहणारा सूर निघतो त्याच्या साथीने कणसरी या धान्यदेवीची, देवांची, पूर्वजांची कथा रात्रभर सांगितली जाते. तो सूर मऊ असतो. पत्र्याखाली तो मरतो, ध्वनिवर्धकात फाटतो. कौले किंवा पत्र्याखाली बांबूच्या चटईचे आच्छादन, आणि तीन बाजूंना छातीएवढ्या उंचीचे शेणामातीने सारवलेले कूड एवढे केले तरी तिथे थाळी ऐकता येईल. कुडाच्या भिंती घालणारे हात गावात आहेतच.

सोंगांची खोलीही विचार करून बांधावी लागेल. बोहाड्याची सोंगे लाकडाची असतात, काही कागदाच्या लगद्याची. घरात ती चुलीच्या धुराजवळ टांगलेली असतात, म्हणून त्यांना वाळवी आणि बुरशी लागत नाही. सिमेंटच्या बंद खोलीत आषाढातच ती पांढरी पडतील. वर झडपा, जमिनीपासून हातभर उंच फळ्या, हवा खेळती आणि पावसाळ्यात अधूनमधून धुरी, एवढी व्यवस्था लागते. शिवाय ही सोंगे अनेक गावांत ठराविक घराण्यांच्या मानाची असतात. ती केंद्रात ठेवायची का, हे त्या घरांनी ठरवायचे. समितीने मागू नयेत. डोंगऱ्यादेवासारख्या व्रताला तर केंद्राने हातच लावू नये. त्याची जागा डोंगरात आहे. पाहुण्यांसमोर ओट्यावर माऊल्या नाचवणे हा त्या श्रद्धेचा अपमान होईल. पावरी वाजवायला शिकायची असेल, ती बनवणाऱ्याकडून दुधीभोपळा कसा निवडायचा हे पोरांना समजून घ्यायचे असेल, तर केंद्राची पडवी जरूर वापरावी, आणि शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला मानधन द्यावे.

पैसा कुठून येईल? एकाच ठिकाणाहून आला तर एकाचीच मर्जी चालते, म्हणून तो वाटून आणावा. पेसा ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट मिळतो. लोक त्याला अबंध निधी म्हणतात, आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा योजनेत वस्तीतली सार्वजनिक कामे घेता येतात. मैदान आणि व्यायामशाळेसाठी क्रीडा विभागाच्या अनुदान योजना आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण आणि पारंपरिक कलांचे संवर्धन दोन्ही येतात, त्यामुळे नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांकडे प्रशिक्षकाचे मानधन आणि साहित्य मागता येते. इमारत त्यांच्याकडून मागू नये, कारण इमारतीवर नाव लागते आणि मग ती त्यांची होते. चालू खर्चासाठी मात्र गावाचाच पैसा असावा: लग्नाचे भाडे, बाजारच्या दिवशी पडवीत बसणाऱ्यांची छोटी पावती, आणि दर घरामागे वर्षाला ठरलेले थोडे पैसे किंवा पायलीभर नागली. रक्कम क्षुल्लक असेल, पण ती देणारा माणूस हिशेब विचारतो.

शाळा आणि आश्रमशाळा या भागीदारीत पहिल्या दिवसापासून हव्यात. शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान आवश्यक केले आहे, आणि छोट्या शाळेला ते स्वतःचे असेलच असे नाही. केंद्राचे मैदान दिवसा शाळेचे आणि संध्याकाळी गावाचे, अशी लेखी वाटणी झाली तर शाळेची गरज भागते आणि गावाला क्रीडाशिक्षकाचा हात मिळतो. सुट्टीत आश्रमशाळेची मुले घरी जातात, तेव्हा त्यांचा सराव तुटतो तो याच मैदानावर चालू ठेवता येईल.

किल्ली एकाच माणसाकडे असू नये. माझ्या मते ती तीन ठिकाणी असावी: शाळेत, महिला बचत गटाकडे आणि केंद्राला लागून राहणाऱ्या एका घरात. त्या घरातल्या कोणाला तरी झाडलोट आणि दिवाबत्तीसाठी दरमहा मानधन मिळावे, आणि ते मानधन गावाच्या वार्षिक खर्चातली पहिली ओळ असावी. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून पडवीवर सौर दिवे घ्यावेत आणि त्यांची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते तिचे पैसे दरवर्षी बाजूला काढावेत. जमाखर्च महिन्याच्या शेवटच्या बाजारी पडवीतल्या फळ्यावर लिहावा.

सुरुवात याच होळीला करता येईल. जागा ठरायची आहे, मंजुरी यायची आहे, तोवर शाळेसमोरच्या मैदानावर खुणा आखून, भाड्याचे दोन दिवे लावून वापराचे वेळापत्रक एक वर्ष चालवून पाहावे. कोण येते, कधी भांडण होते, मुली किती दिवस टिकतात, भाडे किती जमते हे त्या वर्षात कळेल. मग पुढच्या होळीच्या ग्रामसभेत तो हिशेब मांडून जमिनीचा ठराव घ्यावा आणि आवणी लागण्यापूर्वी प्रस्ताव वनक्षेत्रपालाकडे द्यावा. पावसाळ्यात निवडलेल्या जागेवर पाणी कुठून येते आणि कुठे साचते, ते काठीने खुणा करून ठेवावे. दिवाळीनंतर चर आणि बांध त्याच खुणांवर धरावेत.